गोधडीचा चौथा कोपरा

अक्का, तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि माझ्याकडे तुमच्यासाठी एक निरोप आहे. निरोप माझा नाही, देवनहळ्ळीच्या यल्लव्वाचा आहे. तुम्ही गेलात हे तिला माहीत नाही. मला ते सांगण्याचं धैर्य झालं नाही, त्यामुळे "सांगते" एवढंच म्हणून मी निघून आले. आता सांगायला तर हवंच. पण एकदम सांगत नाही. तुम्हीच म्हणायचात, आधी अस्तर अंथरावं, मग तुकडे मांडावेत, आणि सुई सगळ्यात शेवटी हातात घ्यावी.

बंगळुरात राजाजीनगरातल्या तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही पुण्याहून भाडेकरू म्हणून आलो, त्याला आठ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात, एप्रिलच्या भर दुपारी, टाकीत पाणी नाही हे सांगायला मी खाली आले. दार उघडं होतं. तुम्ही पलंगावर गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडला होतात, फॅन बंद, कपाळावरून घाम ओघळत होता. मला वाटलं, हिवताप. मी न विचारता कपाळाला हात लावला. तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "ताप नाही ग. कौदी बघते आहे. स्वल्प थांब." मी थांबले. थोड्या वेळाने तुम्ही उठलात, मानेजवळ बोट फिरवून एक गाठ शोधून काढलीत, कात्रीने ती उसवलीत, आणि मग विचारलंत, "आता सांग, कोण तू?"

मी गोधडी म्हणायचे, तुम्ही कौदी. तुमच्या माणसांना या गावात येऊन साडेतीनशे वर्षं झालेली, आम्हाला साडेतीन आठवडेही नव्हते. तुमचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझं ऐकून तुम्हाला. "तुझ्या मराठीत इंग्लिश भरलंय, माझ्या मराठीत कन्नड. दोघींचीही कौदीच की," असं तुम्ही म्हणालात, आणि तो वाद तिथेच संपला. बाकीचे वाद मात्र आठ वर्षं चालले.

तुमचा नियम साधा होता. शिवून झालेली प्रत्येक गोधडी द्यायच्या आधी तुम्ही एक दुपार स्वतः पांघरून झोपायचात. फॅन बंद, कारण ज्यांना द्यायची त्यांच्याकडे फॅन असेलच असं नाही. कुठे गाठ टोचते, कुठे थर सरकलाय, कुठे पाय उघडे पडतात, ते झोपल्याशिवाय कळत नाही म्हणायचात. मी एकदा म्हटलं, "अक्का, फुकट मिळालेल्या वस्तूत कोण एवढं बघतं?" तुम्ही सुई खाली ठेवलीत. "दुकानातून घेतली तर बदलून मागता येते. दान घेतलेली टोचली म्हणून कोणाला सांगायचं? म्हणून मी बघायची."

माझी नोकरी एचएसआर लेआउटच्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. हे काय असतं, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी बराच वेळ समजावलं. सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, "म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्यात चुका काढायच्या, आणि महिन्याला पगार." मग गालातल्या गालात हसून पुढे म्हणालात, "पण तू झोपून बघत नाहीस की." ऑफिसात आजही काही घाईघाईत पास करून टाकायची वेळ आली की हे वाक्य आठवतं आणि हात थबकतो.

तुमच्या खोलीतली मांडणी सगळ्या घराला पाठ होती. बघायच्या राहिलेल्या गोधड्या खुर्चीवर, बघून झालेल्या पलंगाच्या पायथ्याशी. पायथ्याशी घडी दिसली की समजायचं, ही जायला तयार. मग मी शनिवारी त्यांचं गाठोडं बांधायचे आणि देवनहळ्ळीकडे गाडी काढायचे. तिथे शेतं जाऊन लेआउट, म्हणजे घरांच्या नव्या वसाहती, होताहेत, आणि ते उभारणारी माणसं त्याच शेतांच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहतात. डिसेंबर-जानेवारीत तिथला पत्रा रात्रभर गार राहतो. विमानतळाकडे जाताना टॅक्सीच्या काचेतून ती वस्ती मी कितीदा पाहिली असेन, पण तिथे कोणाला थंडी वाजत असेल हे तुमच्या घरात राहायला येईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते तुमच्या कापडाने. तुम्ही नवं कापड कधीच घेतलं नाहीत. सगळं राजाजीनगर, तुमच्या मुलाच्या, रघुअण्णाच्या वयाची माणसंसुद्धा, तुम्हाला अक्का म्हणायचं, आणि त्या घराघरांतून गेलेल्या माणसांचे कपडे तुमच्याकडे यायचे. साड्या, लुंग्या, कोणाचे शाळेचे गणवेशही. पलीकडच्या रस्त्यावरचे एक काका बायकोच्या साड्यांची पिशवी घेऊन आले होते तो दिवस मला लख्ख आठवतो. पिशवी त्यांच्या हातातून सुटेना. तुम्ही ती मागितली नाहीत. एवढंच विचारलंत, "यातली त्यांच्या आवडीची कुठली?" त्यांनी एक फिकट जांभळी, धुऊन धुऊन विरलेली सुती साडी काढली. तुम्ही म्हणालात, "सरी, बरं. ही तोंडाशी येईल. रात्री माणूस कौदी तोंडावर ओढतं ना, तिथे मऊ हवं." काका पिशवी ठेवून गेले. जाताना विचारलं, कोणाला देणार. तुम्ही म्हणालात, "थंडी वाजते त्याला."

दुःख करणाऱ्या माणसाला असा नेमका प्रश्न विचारता येणं मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. बाबा गेल्यावर त्यांचे चार हाफ शर्ट मी पुण्याहून आणले आणि बॅगेतच ठेवले होते. तुम्हाला ते माहीत होतं. दोन वर्षं तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. शेवटी मीच एका रविवारी ते घेऊन खाली आले. तुम्ही कात्री माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, पहिला काप तू घाल. मी खिशाच्या बाजूने कापायला सुरुवात केली आणि मोठ्याने रडले. तुम्ही थांबवलंही नाहीत आणि जवळही घेतलं नाहीत. माझं रडून झाल्यावर म्हणालात, "खिसा तसाच ठेवू. कोणीतरी हात घालील त्यात." त्यासाठी, अक्का, मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

वाद मात्र मी सोडले नाहीत. मला फोटो हवे होते. गोधडी घेणाऱ्यांचे फोटो काढू, ग्रुपवर टाकू, आणखी लोक मदत करतील. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "पांघरूण घेतलेल्या माणसाचा फोटो काढतं काय कोणी?" मी म्हटलं, त्याने चार गोधड्या जास्त होतील. तुम्ही म्हणालात, होऊ देत, पण मी असेपर्यंत नको. यात कोण बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही असतात तर आजही भांडले असते.

आता जानेवारीतल्या त्या शनिवारावर येते. त्याच्यापुढे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुम्हाला खोकला झाला होता आणि अंगात कसर होती. मी आले तेव्हा तुम्ही न्हाणीघरात होतात. पलंगाच्या पायथ्याशी घड्यांची चळत होती. मी नेहमीप्रमाणे ती उचलली, चादरीत बांधली आणि देवनहळ्ळीला जाऊन वाटून आले. सगळ्यात वरची, जाड, विटक्या हिरव्या रंगाची गोधडी मी यल्लव्वाला दिली. ती यादगीरकडची, नवरा-बायको दोघं बांधकामावर, आणि लेक बाळंतपणाला तिच्याकडे आलेली. सगळ्यात ऊबदार तिला द्यावी असं मला वाटलं.

दोन आठवड्यांनी रघुअण्णाने मला जिन्यात गाठलं. बँकेतून निवृत्त झालेला, कधी आवाज न चढवणारा माणूस. "मेधा, आईची जुनी कौदी तू बघितलीस काय? तिच्या आईने शिवलेली. खोकल्यात थंडी वाजते म्हणून ट्रंकेतून काढून दिली होती मी. सकाळी घडी घालून पायथ्याशी ठेवली." मला ती सगळ्यात वरची, विटकी हिरवी आठवली. मी विचारलं, अक्का काय म्हणतात. तो म्हणाला, "काही नाही. विचारलं तर म्हणते, देऊन आयतु."

देऊन झाली. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चौदा रात्री तुम्ही शालीवर काढल्यात आणि मी रोज येऊन चहा पिऊन जात होते.

पुढच्याच शनिवारी मी दुकानातून एक जाडजूड नवी रजाई घेतली आणि देवनहळ्ळी गाठली. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये यल्लव्वाला चूक सांगितली. तिने एक शब्द वाद घातला नाही. तारेवर वाळत घातलेली गोधडी काढली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. फक्त एवढं म्हणाली की मध्ये फाटली होती, मी ठिगळ लावलंय, त्यांना राग येणार नाही ना. मी म्हटलं, छे छे. आणि फुशारकी मारत घरी आले.

तुम्ही गोधडी पलंगावर पसरलीत. तळहाताने सगळीभर चाचपलीत. मला म्हणालात, "हे तीन कोपरे आईचे. हा चौथा माझा. लग्नाच्या आधी तिने मला घालायला लावला. बघ कसे टाके, बैलगाडी गेल्यासारखे. तिने मुद्दाम उसवले नाहीत. म्हणाली, राहू दे, तुला लाज वाटली तर शिकशील." मग तुमचा हात मध्यावर आला. तिथे लाल साडीचं ठिगळ होतं. तुम्ही चष्मा लावलात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही क्वचितच एखादी गोष्ट इतक्या जवळून बघत होतात. टाके तांदळाच्या कणीएवढे होते, एकासारखा एक.

मग विचारलंत, "ती आता काय पांघरते?"

"नवी रजाई दिली अक्का. याच्यापेक्षा दुप्पट ऊबदार."

"झोपून बघितलीस काय त्याच्यात?"

मी चिडले. मी म्हटलं, ही तुमच्या आईची आहे. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बाबांचे शर्ट दिलेस की." मी म्हटलं, ते मी माझ्या मनाने दिले, ही माझ्या चुकीने गेली. तुम्ही म्हणालात, "चुकीने गेली तरी जागेवर गेली. घरात बाळंतीण आहे म्हणतेस. बाळंतिणीच्या अंगावरची काढून आणलीस? परत देऊन ये." तेव्हा माझा तोल गेला. जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हटलं, "तुम्हाला फक्त द्यायचं माहीत आहे, अक्का. कोणाकडून काही घ्यायचं म्हटलं की तुमचा हात आखडतो. हाही गर्वच आहे."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्या लाल ठिगळावर बोट ठेवून म्हणालात, "साकु, मेधा." पुरे.

मी पुढच्या शनिवारी नेते म्हणाले. त्या शनिवारी ऑफिसचं काम निघालं, त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे आले. खरं सांगू? काम आणि पाहुणे दोन्ही टाळता आले असते. मला वाटत होतं, चार दिवस ती अंगावर राहू दे, म्हणजे तुमचं मन बदलेल. मी रोज खाली यायचे, आपण खोकल्याबद्दल बोलायचो, पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचो. त्या वाक्याबद्दल दोघीही नाही.

आणि एका दुपारी तुम्ही गेलात. रघुअण्णा सांगत होता, तो दोनदा दारातून डोकावून गेला. फॅन बंद, गळ्यापर्यंत कौदी. आई बघते आहे म्हणून कोणी उठवलं नाही. चहाच्या वेळेला त्याने हाक मारली तेव्हा कळलं.

हे ऐकल्यापासून मला एकच गोष्ट छळत होती. तुमच्या कानांत शेवटी माझं ते वाक्य राहिलं असेल का? माफी मागायला मला दोन आठवडे मिळाले होते, आणि ते मी तुमचं मन बदलण्याची वाट बघण्यात घालवले.

तेराव्याला तुमच्या नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, माणूस ज्यात गेलं ते पांघरूण घरात ठेवू नये, पाण्यात सोडा. रघुअण्णाने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "मावशी, आईने सगळा जन्म गेलेल्यांचेच कपडे शिवले. तिचं तेवढं पाण्यात का सोडायचं?" त्याने ती स्वतः धुतली, गच्चीवर दोन दिवस वाळवली आणि माझ्या हातात दिली. "तुला सांगितलं होतं ना तिने," एवढंच म्हणाला.

धुतलेली गोधडी नियमाप्रमाणे परत बघायला हवी होती. म्हणून गेल्या शनिवारी दुपारी मी तुमच्या पलंगावर झोपले. फॅन बंद केला. आठ वर्षांत पहिल्यांदाच. आधी वाटलं, हा वेडेपणा आहे. मग घाम आला, मग हळूहळू ते वजन अंगावर बसलं, आणि मला कळलं की गोधडीत माणसाला आपण कुठे संपतो तेसुद्धा जाणवतं. खांद्याला, गुडघ्याला, पावलाला, सगळीकडे कोणीतरी हात ठेवल्यासारखं. इतक्या गोधड्या तुम्ही अशा अंगावर घेतल्यात, एकेक, घाम गाळत, ज्यांना कधी भेटणार नाही त्यांच्यासाठी. मी तिथे पडल्या पडल्या आश्चर्य करत राहिले की हे बाईमाणूस माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहत होतं आणि मी त्याच्याशी टाकीच्या पाण्यावरून बोलत होते.

सवयीने कडा चाचपत होते. माझा हात डाव्या खांद्याजवळच्या कोपऱ्यावर गेला आणि बोटांना बैलगाडी लागेना. मी उठून बसले, खिडकीशी गेले.

चौथा कोपरा उसवलेला होता आणि पुन्हा घातलेला होता. जुन्या मोठ्या टाक्यांची भोकं कापडात तशीच दिसत होती, आणि त्यांच्या मधून नव्या दोऱ्याचे टाके गेले होते. तांदळाच्या कणीएवढे. पहिल्या दोन ओळी वाकड्या, एके ठिकाणी दोरा तुटून परत धरलेला. पुढे पुढे सरळ. शेवटची ओळ तर जवळजवळ यल्लव्वाची. तुमच्या आईने जो कोपरा लाज वाटावी म्हणून ठेवला होता, साठ वर्षांत तुम्ही ज्याला हात लावला नव्हतात, तो तुम्ही एक्याऐंशीव्या वर्षी, थरथरत्या बोटांनी, देवनहळ्ळीच्या एका न पाहिलेल्या बाईचं ठिगळ समोर ठेवून पुन्हा शिकून घातलात. आणि मग, द्यायची म्हणून, फॅन बंद करून बघायला झोपलात.

अक्का, तुम्ही माझं ऐकलं होतंत. इतकं कोणीच कधी माझं ऐकलं नाही. मी खिडकीशी उभी राहून रडले, आणि त्यात वाईट वाटण्यापेक्षा चकित होणंच जास्त होतं.

तिथूनच गाडी काढली. यल्लव्वा पत्र्याच्या सावलीत नातवाला घेऊन बसली होती. गोधडी बघून तिला आनंद झाला, तो तिने लपवला नाही. ती नवी रजाई तिने लगेच परत द्यायला काढली. "फार घसरते हो," म्हणाली, "सकाळी बाळ एकीकडे आणि ती एकीकडे." मी ती घेतली नाही, पण तुम्हाला जे एका प्रश्नात कळलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मग तिने गोधडी मांडीवर घेतली, आपलं ठिगळ तपासलं, आणि कडेने बोट फिरवत फिरवत चौथ्या कोपऱ्याशी थांबली. तिने तो उजेडात धरला. "हा कोणी घातला? टाका माझा आहे, हात माझा नाही."

"ज्यांची होती त्यांनी," मी म्हटलं. "त्या मोठ्या अक्कांनी. तुमचं बघून शिकल्या."

ती हसली. मग पुन्हा बोट फिरवलं आणि जाणत्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "चांगला आलाय. फक्त दोरा फार ओढतात. कापड गोळा होतं बघा इथे. सांगा त्यांना, स्वल्प सैल सोडायचा."

मी "सांगते" म्हणाले.

अक्का, यल्लव्वाला तुमचा टाका पसंत पडला. दोरा मात्र स्वल्प सैल सोडायचा.